सतत नेट मागणारा गेम घ्यायचा की ऑफलाइन चालणारा?

सेल लागला की आपण ग्राफिक कार्ड झेपेल का बघतो, रॅम बघतो, पण एकट्यानेच खेळायच्या गेमला सतत नेट लागतं का हे बघायचं राहूनच जातं. माझं मत आधीच सांगून टाकतो, असा गेम कंपनीच्या सर्व्हरशिवाय उघडतच नसेल तर पूर्ण किमतीला घेऊ नका, कितीही भारी असला तरी.

आधी सतत ऑनलाइनवाले. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने २०१० मध्ये पीसीवरच्या असॅसिन्स क्रीड २ ला ही अट घातली, नेट तुटलं की गेम जागच्या जागी थांबायचा, आणि त्याच मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या लोकांनाच खेळता येईना. मग मार्च २०१३ ला ईए या दुसऱ्या कंपनीचा सिमसिटी आला, शहर वसवायचा गेम, एकट्याने निवांत खेळायचा, पण पहिल्याच दिवसापासून सर्व्हर इतके तुंबले की लोड कमी करायला वेळ पळवायचा सर्वात फास्ट स्पीडच काढून टाकला त्यांनी. वरून सांगत होते की शहराची बरीच आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, ऑफलाइन करणं सोपं नाही. वर्षभरात, मार्च २०१४ ला, ऑफलाइन मोड आलाच ना!

त्याच्याशेजारी सिटीज स्कायलाइन्स ठेवून बघा. २०१५ चा, फिनलंडच्या एका छोट्याशा टीमचा, शहराला जागा सिमसिटीपेक्षा कितीतरी जास्त आणि नेट नसलं तरी चालतो. त्यामुळे "सर्व्हरशिवाय जमत नाही" हे मला तरी पटत नाही.

खरी भीती पुढची आहे. द क्रू हा रेसिंगचा गेम २०१४ चा, ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच्यासोबत गेला, डिस्क कपाटात असली तरी उपयोग शून्य. यावरूनच, विकलेले गेम असे बंद पाडू नका म्हणणारी स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपात त्यांनी दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. राग येणारच ना, पैसे आपले आणि कुलूप त्यांचं.

अर्थात व्हॅलोरंट, बीजीएमआयसारख्या गेमबद्दल ही तक्रार नाही, तिथे समोर माणसंच खेळतायत, नेट लागणारच. डायब्लो ३ हा एकट्याने किंवा मित्रांसोबत खेळायचा गेम या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतो, चीटिंग थांबवायला सर्व्हर हवा हे मान्य, पण त्याचीच कन्सोल आवृत्ती ऑफलाइन चालते, मग पीसीवाल्यांनी काय घोडं मारलंय?

दुसरा प्रकार म्हणजे गेम खरंच विकत घेतलाय का याची नेटवरून एकदा किंवा अधूनमधून तपासणी. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेचसे गेम यातलेच. नेट असताना लॉगिन करून गेम एकदा चालवून बंद करा, मग स्टीम ऑफलाइन मोडला टाका, बहुतेक वेळा काम होतं. गेमला डेनुव्हो हे कॉपी रोखणारं कुलूप असेल तर मोठा अपडेट आला किंवा पीसीत काही बदललं की परत नेट मागू शकतो, तेव्हा गावी निघायच्या आदल्या रात्री गेम उघडून बघाच. हॉस्टेलवर राहणाऱ्यांना, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवस काढणाऱ्यांना हा मधला मार्ग परवडतो.

तिसरा, जीओजी, हेही पीसी गेमचं ऑनलाइन दुकानच. इथे कॉपी प्रोटेक्शनच नाही, तुमच्या लायब्ररीतून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवायचा, एक सेटअप फाइल आणि मोठ्या गेमला सोबत .bin नावाच्या फायली, सगळं एका फोल्डरमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकायचं आणि विसरायचं. विचर ३, सायबरपंक २०७७ दोन्ही तिथे आहेत. तोटा एवढाच की सगळे मोठे गेम तिथे येत नाहीत, काही येतात ते फार उशिरा, आणि बॅकअप सांभाळायचं काम आपल्याच डोक्यावर.

मी एकट्याने खेळायचा गेम आधी जीओजीवर शोधतो, नसला तर स्टीम. स्टीमवर पेजच्या उजव्या बाजूला डेनुव्हो किंवा वेगळं अकाउंट लागतं का ते लिहिलेलं असतं, ते वाचाच. तरी शंका असेल तर घेतल्या घेतल्या गेम एकदा उघडा, बंद करा, राउटरचा स्विच बंद करा, परत उघडा. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात.