लिट्झ वायर: २२०० आणि ६३० मीटर बँडवर काही महिन्यांच्या वापरानंतर

लिट्झ म्हणजे एकमेकांपासून एनॅमलने विलग केलेल्या अनेक बारीक तंतूंची पिळलेली वायर; इथे ती हौशी रेडिओच्या २२०० मीटर (सुमारे १३७ किलोहर्ट्झ) आणि ६३० मीटर (सुमारे ४७५ किलोहर्ट्झ) बँडवर वापरली आहे. निर्णय आधी सांगतो. रिसीव्ह लूपसाठी लिट्झ घ्यावी. ट्रान्समिटच्या लोडिंग कॉइलसाठी (आखूड अँटेना रेझोनन्सला आणणाऱ्या कॉइलसाठी) घ्यायची की नाही, हे तुमची ग्राउंडची (अर्थिंगची) व्यवस्था किती चांगली आहे त्यावर ठरवावे. बाहेर टांगायची अँटेनाची तार म्हणून मात्र ती अजिबात घेऊ नये. वापरलेली वायर ६६० तंतूंची, प्रत्येक तंतू ०.०४ मिमीचा (एडब्ल्यूजी ४६), वर नायलॉनचे वेष्टण. तिच्यावर एक मीटर चौरस लूप आणि एक मोठी लोडिंग कॉइल, अशी दोन्ही कामे झाली.

तांब्यात स्किन डेप्थ (पृष्ठभागापासून मुख्यतः जेवढ्या खोलीपर्यंत प्रवाह वाहतो ती) १३७ किलोहर्ट्झला सुमारे ०.१८ मिमी असते, ४७५ ला ०.०९६ आणि १.८ मेगाहर्ट्झला ०.०५ मिमीच्या जरा खाली. एक मिमीच्या अखंड तारेत १३७ वर मधले बरेचसे तांबे बिनकामाचे राहते. तंतू स्किन डेप्थपेक्षा बराच बारीक असेल आणि पीळ असा असेल की प्रत्येक तंतू कधी आत, कधी बाहेर येतो, तर सगळे तांबे कामाला लागते. हा 'तर' महत्त्वाचा आहे. सगळे तंतू एकाच दिशेने एकदाच पिळलेले असतील तर आतला तंतू आतच राहतो आणि बाहेरचा बाहेरच. मग प्रवाह पुन्हा बाहेरच्या थराकडे सरकतो. चांगल्या वायरमध्ये पेड टप्प्याटप्प्याने पिळलेले असतात: ४४ तंतूंचा एक पेड, असे तीन एकत्र, आणि तशा पाच जुड्या मिळून ६६०. टोक उसवून पाहिले की ही रचना डोळ्यांना दिसते.

आता लूप. एक मीटर बाजूची चौकट, दहा वेढे, दोन वेढ्यांत १० मिमी अंतर. इंडक्टन्स सुमारे २५० मायक्रोहेन्री येतो, वायर ४० मीटर लागते. तांब्याचे क्षेत्रफळ ०.८३ चौ. मिमी, पिळामुळे तंतूची खरी लांबी तीन-चार टक्के जास्त असते, ती धरून रोध ०.८६ ओहमच्या आसपास. १३७ किलोहर्ट्झला रिअॅक्टन्स २१५ ओहम, म्हणजे क्यू (रिअॅक्टन्सला रोधाने भागून येणारा गुणवत्तेचा आकडा) जास्तीत जास्त २५०. तेवढेच तांबे असलेली अखंड एनॅमल तार (व्यास १.०३ मिमी) घेतली तर स्किन इफेक्टमुळे रोध १.४ ओहमवर जातो आणि क्यू दीडशेच्या घरात राहतो. सिग्नल व्होल्टेजमध्ये हा फरक चार डेसिबल आहे. लूप लहान असेल किंवा फेराइट रॉडवर कॉइल असेल तर हे चार डेसिबल स्पष्ट जाणवतात.

मोठ्या लूपला मात्र ते जाणवत नाहीत, कारण या बँडवर वातावरणातला नॉइजच प्रबळ असतो. तपासणी सोपी आहे: लूपचे ट्यूनिंग बाजूला न्या. रिसीव्हरमधला नॉइज ठळकपणे खाली आला तर लूपची संवेदनशीलता पुरेशी आहे आणि लिट्झने आणखी काही मिळणार नाही. खाली आला नाही तर प्रीअॅम्पचा स्वतःचा नॉइज आड येतो आहे. तिथे वाढीव क्यू उपयोगी पडतो.

लिट्झवर खर्च करून कपॅसिटर मात्र हाताला येईल तो लावणे, ही चूक सर्रास दिसते. एक्स७आर प्रकारच्या सिरॅमिक कपॅसिटरचा व्यय (वाया जाणारी ऊर्जा) अडीच टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे त्याचा स्वतःचा क्यू ४०. अडीचशेच्या कॉइलला तो जोडला की एकूण क्यू ३५ च्या खाली. पॉलिएस्टर फिल्म त्याहून बरी, तरी या कामाची नाही. १३७ ला सुमारे ५.४ नॅनोफॅरड लागतात. तिथे पॉलिप्रोपिलीन किंवा सी०जी (कमी व्ययाचे) सिरॅमिक समांतर जोडावेत आणि बारीक ट्यूनिंगला एअर व्हेरिएबल ठेवावा. ४७५ ला सुमारे ४५० पिकोफॅरड पुरतात. जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कपॅसिटर एकटाच भागवतो. ५० ओहमचा इनपुट लूपला थेट समांतर जोडलात तर सगळे मुसळ केरात. एक वेढ्याची वेगळी कपलिंग लूप किंवा हाय इम्पिडन्स एफईटी प्रीअॅम्प वापरा.

जास्त क्यूची किंमत ट्यूनिंगमध्ये चुकवावी लागते. क्यू २४० असेल तर १३७ वर बँडविड्थ ५७० हर्ट्झ, आणि बँड १३५.७ ते १३७.८ असा २.१ किलोहर्ट्झचा. डब्ल्यूएसपीआरच्या (क्षीण सिग्नलसाठीच्या डिजिटल पद्धतीच्या) दोनशे हर्ट्झच्या खिडकीला हे छान बसते. पण बँडभर फिरायचे असेल तर दर वेळी ट्यून करावे लागते. चौकटीजवळ माणूस आला, पाऊस पडला, लाकूड दमट झाले, तरी ट्यूनिंग सरकते. व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने कपॅसिटन्स बदलणारा डायोड) लावून दुरून ट्यून करण्याची सोय सुरुवातीलाच केलेली बरी.

लोडिंग कॉइलचे गणित वेगळे आहे. अँटेनाची कपॅसिटन्स ३०० पिकोफॅरड धरली तर १३७ ला ४.५ मिलिहेन्री लागतात, रिअॅक्टन्स ३८७० ओहम. ३० सेमी व्यासाच्या फॉर्मरवर २.५ मिमी पिचने १७० वेढे घातले की ते जमते. वायर लागते १६० मीटर! साध्या तारेने कॉइलचा क्यू ३०० असेल तर तिचा रोध १३ ओहम, लिट्झने ६०० असेल तर साडेसहा. ग्राउंड लॉस (जमिनीत ऊर्जा जिरवणारा रोध) ६० ओहम असेल तर एकूण रोध ७३ वरून साडेसहासष्टवर येतो, फायदा ०.४ डेसिबल. त्या पैशांत चार-सहा रेडियल (ग्राउंडसाठी जमिनीवर पसरलेल्या तारा) जास्त टाकले किंवा टॉप लोडिंग (अँटेनाच्या वरच्या टोकाच्या आडव्या तारा) वाढवले तर याहून कितीतरी जास्त मिळते. ग्राउंड लॉस १५-२० ओहमवर आणलेला असेल, तेव्हा हेच साडेसहा ओहम मोजण्यासारखे होतात. उष्णतेच्या बाबतीत मात्र लिट्झ पहिल्या दिवसापासून बरी: १.७ अँपियरला साडेसहा ओहमच्या कॉइलमध्ये १९ वॅट जिरतात, १३ ओहमच्या कॉइलमध्ये त्याच्या दुप्पट.

त्या १.७ अँपियरला कॉइलच्या दोन टोकांत साडेसहा हजार व्होल्ट असतात. गरम टोकाला वेष्टणातून एखादा तंतू बाहेर डोकावला की तिथे कोरोना (हवेतला विद्युत विसर्ग) सुरू होतो, नायलॉन जळते, शेजारचे तंतू उघडे पडतात आणि नुकसान पसरत जाते. टोक गोलसर, गुळगुळीत लगमध्ये बसवा. ट्रान्समिट करताना अंधारात दुरून एकदा नजर टाका.

अँटेनाची तार म्हणून लिट्झ का नको, तेही आकड्यांतच दिसते. दीड मिमीच्या साध्या तारेचा २० मीटर लांबीत १३७ किलोहर्ट्झला रोध ०.४५ ओहमच्या आसपास. साठ-सत्तर ओहमच्या सर्किटमध्ये तो कमी करून काय मिळणार? उलट लिट्झला ताण सोसत नाही, वाऱ्याच्या हेलकाव्याने तंतू तुटतात, उन्हाने वेष्टण ठिसूळ होते आणि पाणी केशाकर्षणाने आतपर्यंत जाते.

जोडणी हा या वायरचा सगळ्यात त्रासदायक भाग. ६६० तंतूंचे ६६० ही सोल्डरमध्ये आले पाहिजेत. साठ सुटले तर रोध जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात, दहा टक्क्यांनी वाढतो. पॉलियुरेथेन एनॅमल असेल तर ३९० ते ४२० अंशांच्या सोल्डर पॉटमध्ये ते जळून निघते. आधी टोकाचे वेष्टण २० मिमी मागे सरकवा, फ्लक्स लावा, टोक पाच-सहा सेकंद बुडवा, बाहेर काढून झटका, पुन्हा बुडवा. जास्त वेळ ठेवलेत तर ०.०४ मिमीचे तांबे सोल्डरमध्येच विरघळू लागते. धुरात आयसोसायनेट असतात, म्हणून खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने. साध्या सोल्डरिंग आयर्नने बाहेरचे तंतू चकचकीत दिसतात आणि आतले कोरडे राहतात. दिसण्यावर अजिबात जाऊ नका. स्पिरिटच्या ज्योतीत तापवून अल्कोहोलमध्ये बुडवण्याची जुनी पद्धत इतक्या बारीक तंतूंना मानवत नाही, शिवाय आगीचा धोका आहेच. पॉलिएस्टर-इमाइडसारखे उष्णतारोधक एनॅमल असेल तर पॉटही पुरत नाही. खरेदीआधी एनॅमल कोणते, हे नक्की विचारा.

जोड झाल्यावर करंट लिमिट असलेल्या सप्लायमधून एक अँपियर सोडा आणि वायरच्या टोकांवरचे व्होल्टेज वेगळ्या प्रोबने मोजा. वरच्या ४० मीटरच्या लूपला ०.८६ व्होल्टच्या जवळपास दिसले पाहिजेत. ०.९५ दिसले तर टोके कापून पुन्हा करा.

क्यू मोजताना नॅनोव्हीएनएवर (छोट्या नेटवर्क अॅनलायझरवर) थेट एस११ (परत येणारा सिग्नल) वाचून उपयोग नाही. जवळपास चार हजार ओहम रिअॅक्टन्समध्ये सहा ओहम शोधणे त्याला जमत नाही. कॉइलला चांगला कपॅसिटर लावून रेझोनन्सला आणा, दोन्ही बाजूंनी अगदी सैल कपलिंग ठेवून एस२१ (आरपार जाणारा सिग्नल) घ्या, शिखराची तीन डेसिबल रुंदी मोजा आणि वारंवारतेला तिने भागा. कॉइलपासून धातू निदान एका व्यासाइतका दूर हवा.

काही महिन्यांत सर्वात जास्त त्रास देते ती ओल. नायलॉन किंवा रेशमाचे वेष्टण दमट हवेत पाणी धरते आणि क्यू खाली येतो. वाळल्यावर बराचसा परत येतो. बाहेरच्या कॉइलचा डबा पूर्ण बंद करू नका, आत दव साचते. तळाला भोक आणि त्यावर जाळी ठेवा. जाड वार्निशचा थर टाळा, त्याने सेल्फ कपॅसिटन्स आणि व्यय दोन्ही वाढतात. व्हेरिओमीटरच्या (इंडक्टन्स बदलता येणाऱ्या कॉइलच्या) फिरत्या कॉइलची जोडवायर लिट्झची ठेवलीत तर सोल्डर जिथे संपतो नेमके तिथे तंतू तुटत जातात. तिथे साधी लवचीक मल्टिस्ट्रँड वायर वापरा.

तंतूची जाडी कोणती घ्यावी? तेवढ्याच तांब्यात तंतूचा व्यास निम्मा केला की एडी करंटचा (तंतूतल्या भोवऱ्यासारख्या प्रवाहांचा) व्यय चौथाई होतो, आणि वारंवारतेच्या वर्गाने तो वाढतो. १३७ वरून ४७५ ला जाताना बारापट. वरच्या लूपमध्ये ०.१ मिमीचे शंभरेक तंतू वापरले तर १३७ ला रोध पाचेक टक्केच वाढतो, ४७५ ला मात्र साठ टक्के. म्हणून फक्त २२०० मीटरसाठी ०.१ मिमीची स्वस्त वायर पुरेशी आहे, ६३० मीटरसाठी ०.०४ किंवा ०.०५ चीच घ्या. १६० मीटर बँडसाठी लिट्झच्या मागे लागू नका. तिथे ०.०४ चा तंतूही स्किन डेप्थच्या जवळ पोचतो आणि अंतर ठेवून गुंडाळलेली जाड अखंड तार तेच काम कमी कटकटीत करते.