चन्नपट्टणची लाकडी खेळणी, दोन लेकरांनी वर्षभर आपटल्यानंतर

घ्यावीत का असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते, घ्या, पण दोन-तीनच घ्या. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरला जाताना कर्नाटकातल्या चन्नपट्टणला थांबून आम्ही रिंगांचा मनोरा, भातुकली आणि दोरीने ओढायची गाडी घेतली होती, आता पोळा झाला म्हणजे वर्ष होत आलं, थोरला पाचचा न् धाकटी दोनची, दोघांनी त्यांना काही म्हणून सोडलं नाही.

लाकूड हलकं, पांढरट. लेथवर लाकूड गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात, घासून जी गरमी होते तिनेच लाख वितळून चढते, ब्रशने रंग मारलेला नसतो. धाकटीने रिंगा एवढ्या चावल्यात की दातांचे वण पडले पण रंगाचे पापुद्रे निघाले नाहीत. ऊन-पाणी मात्र लाखेला सोसत नाही. आमच्या लातूरच्या मे महिन्यात गाडी पत्र्यावर राहून गेली तर रंग चिकट होऊन बोटांचे ठसे उमटले, आणि एक रिंग रात्रभर बादलीत पडली ती फुगून दांडीतच जाईना. वाळल्यावर जायला लागली, चमक गेली ती गेलीच. कोरड्या फडक्याने पुसायची, बस.

1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, लाकडी असली तरी. पण जीआय (म्हणजे ठराविक गावच्या मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालेल्या खेळण्यांना आणि सरकारकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना सूट आहे, म्हणून चन्नपट्टणच्या खेळण्यावर मार्क नाही दिसला तर लगेच नकली समजू नका. रंग कशाचा ते मात्र विचाराच, हळदीसारखे नैसर्गिक रंग असतात तसे केमिकलचेही असतात. ऑनलाइनवाल्या 'इको'ला तर अजिबात भुलू नका, मी एक बांबू फायबरचा कपबशी सेट मागवला होता, खाली बारीक अक्षरात मेलामाइन लिहिलेलं, म्हणजे बांबूचा भुगा घातलेलं प्लास्टिकच की ते. परत पाठवला.

आता लेकरं काय शिकली म्हणाल तर गाडीचं चाक निखळलं तेव्हा खरं शिकली. गल्लीतल्या सुताराकडे नेली, त्याने नवा कणा तासून बसवला, थोरला शेजारी उकिडवा बसून सगळं बघत होता, हातात भुसा घेऊन वास घेत होता. त्यानंतर बंद पडलेली बॅटरीची कार पण घेऊन आला, हीपण नीट करू म्हणे. ती उघडतच नाही, उघडली तरी आत काय जोडणार. "कामून नाही होत गं आई?" यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं, आणि तेव्हापासून दुकानात नवीन खेळणं दिसलं की तो आधी उलटं करून स्क्रू आहेत का बघतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

विकत घ्यायलाच पाहिजे असंही नाही. सासऱ्यांनी ज्वारीच्या धांडाची बैलगाडी करून दिली, जोडायला बाभळीचे काटे, ना खिळा ना गोंद. पोळ्याला मातीचे बैल घरीच केले, नुसती काळी माती वाळताना भेगाळते म्हणून राख न् भुस्सा कालवून घेतला. सण झाल्यावर ते तुळशीत विरघळवले, धाकटी दुसऱ्या दिवशी कुंडीत बोट घालून बैल शोधत होती.

पाण्याचा खेळ स्टीलच्या भांड्यांनी, एक तांब्या पाणी, संपलं की संपलं, आणि सांडायचं ते झाडापाशीच. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव आहे आमचं, हा नियम घरात कुणी मोडत नाही, पाहुण्यांच्या लेकरांना पण तोच.

चन्नपट्टणच्या खेळण्यांना पैसे बॅटरीच्या कारपेक्षा जास्त जातात हे खरं. अजून एक, घरात तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर लाकडी भातुकलीतले बारके चमचे न् झाकणं आधी काढून ठेवा, थेट तोंडात जातात, आम्ही डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलीत.