खडकीची वॉर सिमेट्री: तिकीट नाही, पण वेळ काढून जा

नोकरीची ३२ वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली. त्यातली १८ पुण्याच्या मुळा रोडवरून ये-जा करत. वॉर सिमेट्रीची, म्हणजे महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीची पाटी रोज दिसायची, पण आत पाऊल टाकणं कधी झालं नाही. गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन मुद्दाम गेले. पोरगा बारावीत आहे, एनडीएची तयारी करतोय.

तिकीट नाही. सकाळीच जा, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या. आत गेल्यावर नुसता फेरफटका मारून परतू नका, थडग्यांवरचे दगड वाचा. वर रेजिमेंटचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय. सगळ्यात खाली घरच्यांनी निवडलेली ओळ, ती मात्र प्रत्येक दगडावर नसते. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा. हे मला फार भावलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांना इथे पुरलंय. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे थडग्यांची कायमची निगा राखली जाईल याची खात्री नव्हती, तिथून त्यांना इथे आणलं. पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून जास्त जणांची नावं इथल्या स्मारकावर आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून आणून इथे पुन्हा दफन केले.

एका दगडापाशी भाचा थांबला. वय २१, तारीख ऑक्टोबर १९४५ ची. “मावशी, तोवर तर युद्ध संपलं होतं ना?” संपलं होतं. २ सप्टेंबरलाच जपानने शरणागतीवर सह्या केल्या होत्या. पण वॉर्डातला ताप कुणाच्या सह्यांनी उतरत नाही. हा मुलगा कशाने गेला ते दगडावर नाही. आमांश, कावीळ, मलेरिया, अपघात, काहीही असेल. ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत सेवेत असताना गेलेल्यांनाही युद्धातलेच धरतात, हे मी भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. त्याच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा तो मुलगा. घरी जायची तयारी चालली असेल, आईला तसं पत्रही गेलं असेल, असं माझ्या मनात येत राहिलं.

तेवढ्यात दोन पोरं एका दगडाला टेकून फोटो काढायला लागली. मी जाऊन म्हटलं, “बाळांनो, इथे कुणीतरी झोपलंय.” लगेच बाजूला झाली बिचारी. कुणी सांगितलेलंच नसतं.

स्मारकाकडे अवश्य जा. पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या १९३ सैनिकांचीही तिथे नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धात ते आपल्याकडे वारले. काहींच्या कबरी सापडल्याच नाहीत, काही जतन करता येण्यासारख्या राहिल्या नाहीत. त्यांची नावं भाच्याने मोठ्याने वाचायला घेतली. उच्चार अडखळत होते. एकेक नाव तो दोन-दोनदा म्हणत होता, नीट येईपर्यंत. आम्हाला निघायला दुपारचे १२ वाजले.