दाराला घाम येतोच: एएचयूची पफची दारं आणि खिडक्या, एका पावसाळ्यानंतर

मार्चमध्ये ही दारं बसवली तेव्हा कंपनीचा माणूस छातीठोकपणे म्हणाला होता, "साहेब, थेंब दिसला तर मला फोन करा." जूनच्या तिसऱ्या आठवड्यात केला. मग जुलैत दोनदा.

मी कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलची देखभाल बघतो. ऑपरेशन थिएटरचं एएचयू (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा गाळून, थंड करून आत सोडणारं मोठं यंत्र) गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मूळ दारं पातळ पत्र्याची होती आणि आत ग्लासवूल. ते भिजून लगदा झालं होतं. म्हणून बॉडी तीच ठेवून चार दारं नवीन घेतली: मध्ये ५० मिमी पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फोम), दोन्ही बाजूंना पत्रा, थर्मल ब्रेकवाली (आतल्या-बाहेरच्या धातूमध्ये उष्णता अडवणारा तुकडा असलेली) अ‍ॅल्युमिनियम चौकट आणि प्रत्येकात दुहेरी काचेची छोटी खिडकी. खर्च साध्या दारांच्या जवळपास दीडपट. ट्रस्टींनी विचारलं, "खिडक्या कशाला? आत कोण राहणार आहे?" तेव्हा माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं.

आधी घामाचं, म्हणजे दारावर बाहेरून धरणाऱ्या थेंबांचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. एप्रिलमध्ये दारं ठणठणीत कोरडी. बाहेर ३७ अंश, पण हवा सुकी, त्यामुळे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब होऊन धरते ते) पार खाली. आपल्याकडे जुलैत झड लागली की गच्चीवर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असते. तेव्हा दवबिंदू २३ च्या थोडा वर जातो. एएचयूच्या आत हवा थंड करणाऱ्या कॉइलच्या पुढची हवा १३ अंशांची. कॅटलॉगमध्ये ईएन १८८६ (एएचयूच्या बॉडीसाठीचं युरोपियन मानक) प्रमाणे 'टीबी२' हा थर्मल ब्रिजिंगचा वर्ग लिहिला होता. हा आकडा काय ते मी नंतर बसून समजून घेतलं. आतल्या-बाहेरच्या तापमानात जो फरक आहे, त्याच्या ०.६ ते ०.७५ पट इतकाच दाराचा बाहेरचा सगळ्यात थंड बिंदू आतल्या हवेपेक्षा गरम राहतो. फरक १२ अंशांचा, म्हणजे तो बिंदू २० ते २२ अंशांवर. दवबिंदूच्या खालीच की! म्हणजे दार कॅटलॉगबरहुकूम असूनही घाम येणारच होता. माणूस खोटं बोलत नव्हता बहुतेक, त्याने फक्त कोल्हापूरचा जुलै बघितला नव्हता.

आता प्रमाण सांगतो. जुन्या दारांखाली बादली ठेवायला लागायची. नव्यांचा मधला भाग कोरडा राहतो. चौकटीच्या कोपऱ्यांवर आणि हँडलच्या मुळाशी थेंब धरतात, ते फडक्यानं पुसलं की झालं. हँडलचा दांडा लोखंडी आणि तो आरपार आत गेलाय, थंडी तिथूनच बाहेर येते. नायलॉनचं हँडल मागितलं असतं तर हाही त्रास कमी झाला असता. काचेवर मात्र पहाटे धुकं धरतंच. दुहेरी असली तरी पफच्या मानानं काच ती काचच.

तरीही या सगळ्या खरेदीत पैसे कुठे वसूल झाले असतील तर त्या खिडक्यांत.

आमचं ब्लोअर (हवा ढकलणारा मोठा पंखा) कॉइलच्या पुढे आहे, म्हणजे फिल्टरपासून ब्लोअरपर्यंतचा सगळा भाग ओढणीखाली, म्हणजे ब्लोअर जिथून हवा ओढतो त्या बाजूला. तिथं दाराला फट असली की गच्चीवरची ओली, धुळकट हवा फिल्टरला बगल देऊन आत शिरते. थिएटरमध्ये २१ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची असते. पावसाळ्यात तेच मुश्कील, त्यात ही फुकटची ओल. धूळ शेवटी हेपा, म्हणजे थिएटरचा सगळ्यात बारीक फिल्टर, अडवतो, पण तो लवकर भरतो आणि त्याची किंमत ज्याला द्यावी लागते त्याला माहीत. पूर्वी आमची पोरं रोज दार उघडून डोकावायची. दार नीट परत दाबलं न दाबलं, कोण बघतंय? आता दिवा लावायचा, काचेतून बघायचं आणि खाली यायचं. जे दार उघडतच नाही त्याचं गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) कशाला झिजेल?

जुलैत एका सकाळी पोरानं फोन केला, "ट्रेमध्ये पाणी साठलंय." काचेतून दिसलं होतं. कॉइलखालच्या ट्रेतलं पाणी बाहेर नेणाऱ्या ड्रेनच्या यू-ट्रॅपमध्ये (पाइपच्या वाकड्या भागात) शेवाळ अडकलं होतं. आधीच्या वर्षी हीच गोष्ट आम्हाला खालच्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमधून पाणी टपकल्यावर कळली होती, तीही ऑपरेशनच्या दिवशी. त्या दिवसानंतर ट्रस्टींनी खिडक्यांचा विषय काढलेला नाही.

आतला दिवा मात्र ऑर्डरमध्ये वेगळा लिहून घ्या. आम्हाला तो 'ऑप्शनल' म्हणून दिलाच नव्हता. दिव्याशिवाय खिडकी म्हणजे आरसा, आपलंच तोंड दिसतं. नंतर २४ व्होल्टचा बसवला, स्विच बाहेर.

तक्रारी आहेतच. ब्लोअरच्या दाराची खिडकी बरोब्बर मध्यभागी काढली होती. तिथून दिसतं काय, तर ब्लोअरचं केसिंग! बेल्ट बघायचा तर उकिडवं बसून मान वाकडी करायची. एका खिडकीच्या दोन काचांमध्ये ऑगस्टमध्ये वाफ धरली, म्हणजे सील गेलं. बदलून दिली, पण पाच आठवडे लावले. बिजागऱ्यांचे स्क्रू स्टेनलेस नव्हते, गणपतीपर्यंत तांबडे झाले. ते आणि दोन पिना मी शिवाजी उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या भागातून करून आणल्या. कंपनीला मेल करून वाट बघण्यापेक्षा हे बरं, तिथला टर्नर नमुना हातात घेतो आणि चहा होईपर्यंत काम देतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चारही दारं बाहेर उघडणारी आली. ओढणीच्या बाजूला ते बरोबर, हवाच दार घट्ट धरते. ब्लोअरच्या पुढे उलटं. तिथं आमच्याकडे १०० मिमी पाण्याचा दाब असतो. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक किलो. दार ६०० बाय १२००, म्हणजे ०.७२ चौरस मीटर. कडी काढली की ७२ किलो वजन अंगावर येणार! जुन्या दारानं आमच्या एका फिटरचं मनगट असंच सुजवलं होतं. भांडून दोन टप्प्यांची कडी लावून घेतली. आधी बोटभर फट पडते, दाब निघून जातो, मग दार सुटतं. तरी ब्लोअर बंद करून, पंखा थांबलेला खिडकीतून बघितल्याशिवाय ते दार उघडायचं नाही, असा आमचा नियम आहे.

गॅस्केट ईपीडीएम रबराचं पोकळ नळीचं आहे, अजून दबलेलं नाही. जोड मात्र खालच्या बाजूला दिला होता, तिथं पाणी साचून तो सुटला. मी वरच्या बाजूला फिरवून घेतला. तपासायला दर महिन्याला वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून बंद करतो. ओढली की सहज निघाली तर त्या बाजूची बिजागरी आवळायची. ओढणीच्या बाजूला उदबत्ती फिरवली तरी धूर फट दाखवून देतो. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरना आधी वाटलं, आम्ही मशीनची पूजा करतोय.

आता आयसीयूच्या युनिटची दारं त्याच कंपनीकडून मागवली आहेत. फिल्टरच्या दाराला खिडकी घेतली नाही, फिल्टर किती भरलाय ते दाबाच्या गेजवर कळतं. स्क्रू स्टेनलेस, हँडल नायलॉनचं, दिवा पहिल्याच यादीत. आणि ब्लोअरच्या दाराची खिडकी कुठे हवी ते परवा पोराला जुन्या दारासमोर उभं करून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, बेल्टच्या रेषेत खडूनं आखून फोटो पाठवलाय.