जुन्या डेस्कटॉपला नवा प्रोसेसर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

२०१७ साली बाजारात आलेला एएमडीचा रायझन ५ १६०० हा प्रोसेसर काढून त्याच बी३५० मदरबोर्डवर मी २०२२ चा रायझन ५ ५६०० बसवला, त्याला आता काही महिने झाले आहेत. माझे काम मुख्यतः रॉ (कॅमेऱ्यातील कच्च्या) फोटोंच्या संपादनाचे, अधूनमधून व्हिडिओ एक्सपोर्टचे आणि भरपूर सूत्रे असलेल्या एक्सेल फायलींचे, गेम क्वचितच. दोन्ही प्रोसेसरांना कोर (गणना करणारे भाग) सहा आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) बारा, दोन्हींचा टीडीपी, म्हणजे उष्णतेचा ठरवलेला आकडा, ६५ वॅट. त्यामुळे केवळ तपशीलाचा तक्ता पाहणाऱ्याला हा खर्च निरर्थक वाटण्याची शक्यता आहे, आणि निर्णय घेण्यापूर्वी मीही याच मुद्द्यावर सर्वाधिक वेळ घालवला.

संगणक मंद झाला म्हणजे प्रोसेसर म्हातारा झाला, असे समीकरण आपण चटकन मांडतो; उलट बाजूने, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर दहा टक्क्यांच्या खाली दिसला की तो रिकामाच बसला आहे असेही मानतो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एखादा प्रोग्राम एकच थ्रेड पूर्ण क्षमतेने वापरत असेल, तर एकूण वापर जेमतेम आठ टक्के दिसतो. त्यातून विंडोज ते काम सतत या कोरवरून त्या कोरवर हलवत असल्यामुळे वेगवेगळ्या कोरांचे आलेख पाहिले, तरी कुठलाच भरलेला दिसत नाही. माझ्या एक्सेल फायलींतील एक जुना मॅक्रो (कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) नेमका असाच अडकत असे. रॅम पुरेशी होती, एसएसडी निवांत होती आणि तरीही थांबावे लागत होते, तेव्हा अडचण एका कोरच्या वेगाची आहे हे मान्य करावे लागले. गेमच्या बाबतीत पडताळणी आणखी सोपी आहे: रिझोल्यूशन कमी करूनही फ्रेम वाढत नसतील, तर ग्राफिक्स कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही.

कोर तेवढेच असताना फरक पडतो कशामुळे? १६०० मध्ये सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत, प्रत्येक गटाला स्वतःचा ८ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमधील जलद स्मृती) आहे, आणि एका गटातील कोरला दुसऱ्या गटाकडची माहिती हवी असल्यास वेळ मोडतो. ५६०० मध्ये सहाही कोर ३२ एमबीचा एकच कॅशे वापरतात. कमाल वेग ३.६ वरून ४.४ गिगाहर्ट्झवर गेला आहे, आणि प्रत्येक क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या एका ठोक्यात) होणारे कामही वाढले आहे. प्रत्यक्षात व्हिडिओ एक्सपोर्टला पूर्वीच्या अंदाजे दोन-तृतीयांश वेळ लागतो. मला मात्र त्याहून अधिक मोलाची वाटली ती फोटो संपादनातील तत्परता. स्लायडर हलवल्यावर चित्र मागून येण्याचा जो त्रास होता, तो जवळजवळ संपला. गेममध्ये सरासरी फ्रेमपेक्षा मध्येच बसणारे झटके कमी झाले. संगणक सुरू होण्याचा वेळ, फायली कॉपी होण्याचा वेग आणि वेबपाने उघडण्याची गती यांत सांगण्यासारखा फरक नाही. केवळ त्यासाठी कोणी हा बदल करणार असेल, तर पैसे वाचवावेत.

बसवण्याच्या कामात क्रमाला महत्त्व आहे. बी३५० सारख्या ३०० मालिकेच्या बोर्डांना रायझन ५००० मालिका चालवण्याची अधिकृत मुभा २०२२ मध्ये मिळाली, पण ती नव्या बायॉसवरच (बोर्डातील मूळ सॉफ्टवेअर). म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अद्ययावत करावा लागतो. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या कूटबद्धीकरणाने) सुरक्षित केलेली असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी बाहेर लिहून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलला की त्यातील टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारा सुरक्षा भागही बदलतो. एएम४ सॉकेटच्या (या दोन्ही) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांमधला उष्णता वाहणारा लेप) कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आणू शकते. संगणक थोडा वेळ कामाला लावून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून कूलर सरळ न ओढता हलकेच फिरवून सोडवावा. बायॉस बदलल्यावर सर्व सेटिंग मूळपदावर जातात आणि रॅमचे एक्सएमपी (तिला पूर्ण वेगाने चालवणारे सेटिंग) बंद होते, हे विसरल्यास नव्या प्रोसेसरचा बराचसा फायदा मंद रॅममध्येच विरून जातो.

५६०० सोबत रेथ स्टेल्थ कूलर मिळतो, पण १६०० सोबत आलेला रेथ स्पायर त्यापेक्षा मोठा असल्यामुळे मी तोच ठेवला. नव्या प्रोसेसरचे तापमान साधी विंडो उघडली तरी क्षणात वर उडी मारते आणि पंखा घरघरू लागतो. सुरुवातीचे काही दिवस मला हे फारच खटकले. बायॉसमध्ये पंख्याच्या प्रतिसादाला थोडा विलंब दिल्यावर आवाज स्थिरावला. तापमान स्वतः धोक्याच्या जवळपासही जात नाही.

आणखी एक कारण होते, ते विंडोजचे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचे रायझन नाहीत. ५६०० आहे. ज्यांना हा संगणक आणखी काही वर्षे चालवायचा आहे, त्यांच्यासाठी वेगाच्या आकड्यांपेक्षा हाच मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

आठ कोरचा ५७००एक्स मी विचारात घेतला होता. रोज तासन्‌तास व्हिडिओ एक्सपोर्ट करणाऱ्याने तो जरूर घ्यावा. ९६ एमबी कॅशेचा ५८००एक्स३डी गेमसाठी उत्तम आहे, परंतु १०५ वॅटचा प्रोसेसर साध्या बी३५० बोर्डाच्या वीजपुरवठा भागावर लादणे मला पटले नाही. शिवाय प्रोसेसर कोणताही असला, तरी या बोर्डावर ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या ३.० आवृत्तीचीच मर्यादा राहते. आरएक्स ६५०० एक्सटीसारखे चारच लेन (माहितीचे मार्ग) वापरणारे ग्राफिक्स कार्ड घेणाऱ्याला ती जाणवेल.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचा संगणक असणाऱ्यांना मी हा मार्ग सुचवणार नाही. सॉकेट सारखा दिसत असला, तरी त्या बोर्डांवर आठव्या पिढीचे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत, आणि सातव्या पिढीचा चार कोरचा जुना ७७००के शोधून बसवला, तरी विंडोज ११ च्या यादीबाहेरच राहावे लागते. तेथे बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर एकत्र बदलण्यासाठी पैसे राखून ठेवलेले बरे.