तासावर मिळणारी खुर्ची: कर्वेनगरच्या एका को-वर्किंगचा लुपसवालीने लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, जागेचं नाव लिहिणार नाहीये. एक तर तिथे मोजून चौदा खुर्च्या आहेत, दुसरं म्हणजे खाली मी एसीवरून आणि लिफ्टवरून बरीच कटकट करणार आहे आणि काका, म्हणजे मालक, भला माणूस आहे. कर्वेनगरातल्यांना तसंही कळेलच.

वायफाय चांगलंय. कॉफी मशीनची. झालं, लोक ज्यासाठी रिव्ह्यू वाचतात ते संपलं. मला नवीन जागी गेल्यावर बघावं लागतं ते वेगळंच असतं, कारण मला एसएलई आहे, म्हणजे लुपस, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. जीएसटी आणि लुपस माझ्या आयुष्यात एकाच वर्षी आले, २०१७ ला. जुलैत जीएसटी लागू झाला तेव्हा मी सदाशिव पेठेतल्या एका फर्ममध्ये सीएची आर्टिकलशिप करत होते, रात्री नऊ-नऊपर्यंत बसायचो, बोटं सुजायची, केस मूठ-मूठ गळायचे, संध्याकाळी कणकण, आणि सगळे म्हणायचे ताण आहे गं कामाचा, मीसुद्धा तेच म्हणायचे. दिवाळीच्या आसपास नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा पसरला तेव्हा आई ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. लुपससाठी करतात त्या रक्ताच्या तपासण्या, एएनए पॉझिटिव्ह, डीएसडीएनए पॉझिटिव्ह, आणि लघवीतून प्रोटीन जातंय. सीए फायनल राहिली ती राहिलीच.

मग एका कंपनीत अकाउंट्सला लागले. काम येत होतं, बॉसही वाईट नव्हते, पण लुपसचा त्रास असा की तो सलग नसतो. पंधरा दिवस मी अगदी नॉर्मल, जिने चढतेय, डबा करतेय, आणि सोळाव्या दिवशी सकाळी ब्रशवर पेस्ट काढायला बोटं मिटत नाहीत. ऑफिसला हे कळतच नाही. पाय मोडला तर प्लास्टर दिसतं, इथे काय दिसतं? स्टेरॉइडने गाल फुगलेले दिसतात, त्यावर "तब्येत सुधारली हं तुझी" ऐकायचं. रजा मागायची तर प्रत्येक वेळी सगळी कथा पहिल्यापासून सांगायची, नाही सांगितली तर कामचुकार, सांगितली तर पुढच्या प्रमोशनला "तिला कशाला एवढं ओझं" म्हणून माझं नाव मागे. काळजीनेच करतात, पण पगार वाढतो तो शेजारच्या टेबलाचा.

गंमत म्हणजे माझं सगळ्यात चांगलं वर्ष लॉकडाऊनचं. सुरुवातीला औषधाने रडवलं, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये करोनावर चालतं म्हणून लोकांनी एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी, घरात भरून ठेवली आणि आम्ही जे ती वर्षानुवर्षं रोज घेतो ते मेडिकल पालथी घालत फिरत होतो. पण काम? घरून सगळे रिटर्न वेळेत, एकही लेट फी नाही. दुपारी अर्धा तास आडवी व्हायचे, रात्री आठला परत बसायचे, कुणाला पत्ता नाही. मग परत बोलावलं. मी म्हटलं आठवड्यातून दोन दिवस तरी घरून करू द्या, तर एचआर म्हणाली डिसेबिलिटी सर्टिफिकेट आहे का. आता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि लुपसचं नाव त्यात कुठेच नाही. उद्या स्टेरॉइडने खुबा गेला तर कदाचित सर्टिफिकेट मिळेलही, पण त्याची वाट बघू का मी?

सोडली नोकरी. आणि हे वाचणाऱ्या लुपसवाल्यांनो, सोडायच्या आधी विम्याचं बघा, मी नव्हतं बघितलं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत जुना आजार बहुतेक पहिल्या दिवसापासून धरतात, आपण स्वतः घ्यायला गेलो की आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतात, तेही पॉलिसी दिली तर. मला दोघांनी सरळ नाही म्हणून कळवलं. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉलिसीत शिरले. आता त्याला नोकरी बदलायची असली तरी आधी माझा विषय निघतो, आणि ते मला फार लागतं.

तर आता मी सतरा-अठरा छोट्या दुकानदारांचं जीएसटी आणि हिशोब बघते, आणि घरात सासूबाईंची टीव्ही मालिका आणि मुलगी असल्यामुळे ही खुर्ची. रेट असा की चाळीस तासांचे २४०० रुपये, आणि न वापरलेले तास पुढच्या दोन महिन्यांपर्यंत चालतात. माझ्यासाठी सगळा रिव्ह्यू या एका ओळीत आहे. आधीच्या एका पॉश जागी महिन्याचा पास होता, फ्लेअर आला, म्हणजे आजार उसळला, अकरा दिवस गेले नाही, पैसे गेले आणि वर रिसेप्शनवर कारण विचारलं. इथे नाही गेलं तर तास तसेच पडून राहतात. कुणी विचारत नाही. काकांनी एकदाच विचारलं होतं, "ताई, तुम्ही आत आल्यावरपण स्कार्फ काढत नाही?" म्हटलं उन्हाची अ‍ॅलर्जी आहे. "बरं" म्हणाले आणि गेले. एवढ्यावर संपलं म्हणून दोन महिन्यांनी मीच त्यांना सगळं सांगितलं.

प्रकाशाचं सांगते. पुण्यात सनकोट-स्कार्फवाल्या बाईकडे कुणी वळूनही बघत नाही, त्यामुळे स्कूटरवर मी गर्दीत खपून जाते, प्रश्न येतो आत. लोकांना वाटतं काचेआड बसलं की ऊन लागत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी साध्या काचेने यूव्हीबी अडतं, यूव्हीए बरंचसं आत येतं, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणींचा आजार उन्हानेच उसळतो, नुसते चट्टे नाही, सांधे, थकवा, सगळंच. इथे पश्चिमेची अख्खी भिंत काचेची आहे, फोटोला छान, चारनंतर माझ्यासाठी भट्टी. पण मी सांगितल्यावर काकांनी त्या बाजूला फिल्म लावून घेतली, निम्मा खर्च मी देते म्हटलं तर घेतला नाही, म्हणाले एसीचं बिलपण कमी येईल. दिवे सगळे एलईडी आहेत, जुन्या ट्यूब नाहीत, तेही बरं. तरी मी भिंतीकडची चार नंबरचीच खुर्ची घेते आणि सनस्क्रीन लावतेच.

आता एसी. वीसवर!! चौदापैकी दहा पोरं आयटीची, त्यांना अठरा पण चालेल. माझी बोटं गारठ्याने आधी पांढरी होतात मग निळी, त्याला रेनॉड म्हणतात, आणि पांढऱ्या बोटांनी कीबोर्ड म्हणजे दुसऱ्याच्या हातांनी टाईप केल्यासारखं. रिमोट कुणाकडे असतो हा तिथला कायमचा राजकीय प्रश्न आहे. मी चोवीस करते, पाणी पिऊन येईपर्यंत परत वीस. शेवटी बोटं उघडी असलेले लोकरीचे हातमोजे आणले, मे महिन्यात हातमोजे घालून जीएसटी भरणारी पुण्यातली मी एकटीच असेन.

लिफ्टला बॅकअप नाही. तिसरा मजला. सांधे चांगले असतील तर काही नाही, नसतील तर लाईट येईपर्यंत खाली झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर बसायचं, दोनदा बसलेय. आणि सर्दीवाले तसेच शिंकत येतात, मी इम्युनिटी दाबायच्या गोळ्यांवर असते त्यामुळे कुणी खोकलं की मास्क लावून लांब जाते, त्यावर एकाने तोंड वाकडं केलं. करू दे.

पण मागच्या महिन्याची वीस तारीख सांगते. थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, शेवटची तारीख, पोर्टल नेहमीप्रमाणे गोल गोल फिरतंय, माझे चार क्लायंट बाकी, आणि डोक्यात धुकं. हे धुकं समजावता येत नाही, समोर इनपुट क्रेडिटचा आकडा दिसतो, तीनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही. अशा वेळी मी चुका करते, आणि माझी चूक म्हणजे दुसऱ्याच्या खिशातला दंड. ऑफिसात असते तर डोळे ताणून बसले असते. इथे मागे एक छोटी खोली आहे, गादी आणि दोन लोड, फोनवर बोलायला म्हणून केलेली, तिथे जाऊन झोपले. पंचवीस मिनिटांचा गजर लावला होता, तो वाजलाच नाही, तासाने जाग आली तेव्हा साफसफाईच्या मावशींनी पंखा दोनवर करून दार लोटून घेतलं होतं. "उठवलं नाय, चेहरा उतरलावता," म्हणाल्या. चारही रिटर्न रात्री सव्वादहाला गेले. जागा दहाला बंद होते, काका शटर अर्धं ओढून पेपर वाचत बसले होते.

पाचपैकी चार स्टार. एक एसीला कापला, लिफ्टचा अर्धा माफ. जाणार असाल तर दुपारी दोननंतर जा, गर्दी कमी असते, आणि चार नंबरची खुर्ची अकराच्या आधी खुशाल वापरा, तोपर्यंत माझी बोटं मिटत नसतात. अकरानंतर उठायचं.