‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणारं ऑफिस: ४,५०० रुपयांत काय मिळालं

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढं नाही वाचलं तरी चालेल. पाचपैकी दोन स्टार, आणि ते दोन्ही काउंटरवर बसणाऱ्या मुलीचे, मालकाचे नाहीत. "३० दिवसांत सिबिल ७५० प्लस" असा बोर्ड (सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो ते बघून पडणारा स्कोर), फी ४,५०० रुपये तीही रोख, पावती पाहिजे म्हटलं की वर जीएसटी. नाव लिहीत नाही कारण असले बोर्ड आता बेळगावात गल्लोगल्ली झालेत, खानापूर निपाणीकडंही दिसतात, आणि ओळखीच्या दोघा-चौघांशी बोलल्यावर कळलं की सगळ्यांची पद्धत थोड्याफार फरकानं हीच, तेव्हा एका ऑफिसचं नाही, त्या धंद्याचंच परीक्षण समजा.

गिऱ्हाईक मी नव्हे, माझा मेव्हणा. उद्यमबागेत त्याचं लेथचं जॉबवर्क आहे. माल फाउंड्रीवाल्यांना जातो, पैसे येतात दोन-तीन महिन्यांनी, आणि तोवर टूलबिट, इन्सर्ट, कटिंग ऑइल सगळं क्रेडिट कार्डावर. वडगावात घर बघून ठेवलंय, होम लोनला गेला तर बँकेत सांगितलं स्कोर ६४१ आहे, आधी तो वर आणा. त्याचं एकच म्हणणं, "दाजी, एक हप्ता चुकवला नाही की हो, दर महिन्याला टायमावर भरालोय, तरी कसा काय पडालाय?" आणि बोर्ड बघून तो ॲडव्हान्स देऊनच आला होता, मग मी संगट गेलो.

ऑफिस चकाचक. एसी, फिशटँक, भिंतीवर स्कोरचा लाल-पिवळा-हिरवा मीटर. पहिल्याच दिवशी आधार, पॅन, मोबाईल घेतला आणि ओटीपी मागितला, मग अर्ध्या तासानं स्पायरल बायंडिंग केलेली एक फाइल हातात दिली, वर मेव्हण्याचं नाव सोनेरी अक्षरात. ही फाइल म्हणजे सिबिलचा साधा रिपोर्ट. तो फुकट मिळतो! रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट ब्युरोनं, म्हणजे लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीनं, ग्राहकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे, आणि आपल्याकडं ब्युरो चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, म्हणजे वर्षात चार रिपोर्ट एक रुपया न देता. त्यांच्या साइटवर जायचं, पॅन आणि मोबाईल टाकायचा, ओटीपी स्वतःच टाकायचा, दुसऱ्याला सांगायचा नाही, झालं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितला की स्कोर कमी होतो ही जी भीती लोकांच्या डोक्यात बसलीय ती खोटी आहे, आपण बघितलेलं धरलं जात नाही, बँकेनं कर्जासाठी बघितलं तर ते धरलं जातं.

आणि गडबड झाली ती इथंच. मालक म्हणाले "तुमचं कुठं बसतंय बघतो" आणि त्यांच्या ओळखीच्या तीन-चार फायनान्स कंपन्यांत अर्ज टाकून दिले. नंतर रिपोर्ट काढला तर एन्क्वायरीच्या, म्हणजे कर्जासाठी कुणी-कुणी रिपोर्ट बघितला त्या रकान्यात त्या सगळ्यांची नावं एकाखाली एक. आता बघणाऱ्या बँकेला काय वाटणार, की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरालाय. स्कोर वाढवायला गेलेल्या माणसाच्या रिपोर्टात अशी भर घालून ठेवायची आणि वर फी घ्यायची, याला काय म्हणावं. विचारलं तर "सर, प्रोसिजर आहे". हेच कुठल्याही लोन ॲपवर "एलिजिबिलिटी बघा" दाबताना लक्षात ठेवा, खाली बारीक अक्षरात तुमची परवानगी घेतलेली असते.

आता स्कोर पडला का होता ते. पहिल्या कार्डाची लिमिट १ लाख, त्यावर बाकी ९२ हजार. दुसऱ्याची लिमिट ५० हजार, बाकी ६ हजार. म्हणजे दीड लाखातले ९८ हजार वापरलेले, ६५ टक्के, आणि पहिलं कार्ड तर ९२ टक्के. सगळे जाणकार सांगतात की हा वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा. तो काही कायदा नाही की ३१ झालं की गेलं, पण जितका कमी तितका बरा. मेव्हणा टायमावर भरत होता हे खरंच, पण पहिल्या कार्डावर भरत होता मिनिमम, म्हणजे बिलातली किमान रक्कम. त्या कार्डाचं मिनिमम ५ टक्के, ९२ हजाराचे ४,६००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३,२२०, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ५८०, झाले ३,८००. त्यानं ४,६०० भरले की मुद्दल उतरलं ८००! आणि बाकी पुढं ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज घेतलेल्या टूलबिटवर आजपासूनच व्याज. वर्षाचा हिशोब केला तर ४२ टक्के. सावकार परवडला म्हणावं असं.

मालकांचा यावर सल्ला काय, तर मिनिममचा ऑटो डेबिट लावा म्हणजे चुकणार नाही, आणि दुसरं कार्ड बंद करा, "दोन कार्ड बघून बँक घाबरते". पहिला सल्ला अर्धवट, चुकत नाही हे खरं पण कर्ज तिथंच राहतं. दुसरा तर उलटाच. कार्ड बंद केलं की लिमिटचे ५० हजार गेले, बाकी तेवढीच, मग टक्का वाढणारच की. शिवाय ते त्याचं जुनं कार्ड, इतक्या वर्षांचा चांगला इतिहास त्याच्यावर. वार्षिक फी नसेल तर असलं कार्ड ठेवावं, महिन्याला एखादं पेट्रोल टाकावं, पूर्ण भरावं, विषय संपला.

आता त्या मुलीबद्दल, कारण खरं काम तिनं केलं. खानापूरकडची, बँकेत कंत्राटी काम करून आलेली. मालक बाहेर गेल्यावर तिनं मेव्हण्याला विचारलं, "दादा, तुमचं बिल कितव्या तारखेला जनरेट होतंय?" त्याला ड्यू डेट, म्हणजे पैसे भरायची शेवटची तारीख, तोंडपाठ, ७ तारीख. बिलाची तारीख माहीतच नाही. ती होती १८. मग तिनं कागदावर काढून दाखवलं, की बँक ब्युरोला जी बाकी कळवते ती बहुतेक वेळा स्टेटमेंटच्या, म्हणजे बिल निघालेल्या दिवसाची असते, तुम्ही ड्यू डेटला काय भरलं त्याच्या आधीची. मेव्हण्याच्या दुसऱ्या कार्डावर एखाद्या महिन्यात ४० हजारांपर्यंत माल यायचा आणि तो ७ तारखेला पूर्ण भरून मोकळा व्हायचा, एक रुपया व्याज नाही, तरी रिपोर्टात ५० हजारांच्या लिमिटवर ४० हजार बाकी, ८० टक्के. म्हणजे शिस्तीत भरणारा माणूससुद्धा कागदावर गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो. उपाय एवढाच की १८ च्या दोन-तीन दिवस आधी ॲपवरून जमेल तेवढं भरून टाकायचं, मग बिलच छोटं येतं. कुठल्या तारखेची बाकी गेली ते रिपोर्टातच प्रत्येक खात्यापुढं छापलेलं असतं, बँकेबँकेत फरक असतो म्हणून ते बघून घ्यायचं. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याला एकदा नाही तर निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, त्यामुळं बाकी उतरवल्याचा परिणाम दिसायला पूर्वीएवढी वाट बघावी लागत नाही. चुकलेल्या हप्त्याचं तसं नाही, रिपोर्टात ३६ महिन्यांचा तक्ता असतो, त्यात तो डाग दिसत राहतो.

आणखी एक तिनंच सांगितलं जे मलाही नवीन होतं, की बिलाची तारीख बदलून मागता येते, रिझर्व्ह बँकेनं कार्डवाल्यांना ती सोय द्यायला लावलीय. मेव्हण्याची गिऱ्हाइकं १० तारखेनंतर पैसे सोडतात, मग ७ ची ड्यू डेट त्याला नेहमीच अडचणीची. ती पुढं सरकवून घेतली. कस्टमर केअरवर कन्नड, हिंदी, इंग्लिश करत बराच वेळ गेला पण झालं.

पैसे कुठून आणायचे हा खरा प्रश्न, तो ऑफिसात कुणीच काढला नाही. मी घरी येऊन विचारलं तर कळलं साहेबांची पतसोसायटीत पिग्मी, म्हणजे रोज थोडं थोडं भरायची बचत, चालू आहे, एजंट रोज दुकानात येतोय, आणि त्यात ६५ हजारांच्या वर साठलेत! आता बेळगावच्या माणसाला पिग्मी मोड म्हणणं म्हणजे देव्हाऱ्यातला देव विक म्हणण्यासारखं, बहीण-भाऊ दोघंही माझ्यावर उखडले. पण इकडं ३-४ टक्के मिळालेत आणि तिकडं ४२ टक्के जालेत, हा हिशोब पाटीवर मांडून दाखवला तेव्हा कुठं गाडी हलली. मुदतीआधी मोडल्यावर व्याज जवळपास गेलंच, सोसायटीनं थोडं कापूनही घेतलं, तरी फायद्यातच. ६५ हजार थेट पहिल्या कार्डात, बाकी २७ हजार, दुसरं पूर्ण साफ. दीड लाखात २७ हजार म्हणजे १८ टक्के. मालकांचं ऐकून दुसरं कार्ड बंद केलं असतं तर हेच २७ टक्के झाले असते. पिग्मी परत चालू केलीय, रोजची रक्कम कमी करून, त्याशिवाय घरात शांतता नव्हती.

ज्यांच्याकडं असा साठा नाही त्यांनी बँकेला बाकीचं ईएमआय करून मागावं, कार्डाच्या व्याजापेक्षा दर बराच कमी असतो. प्रोसेसिंग फी आधी विचारा, आणि हे ध्यानात ठेवा की ईएमआय केलं तरी ती रक्कम लिमिट अडवूनच बसते, वापराचा टक्का हप्त्याहप्त्यानंच उतरतो.

ऑफिसचं दुसरं पॅकेज "सेटलमेंट", फी जास्त. ९२ हजाराचं ५० हजारात मिटवून देतो म्हणे. कुणी खरंच भरू शकत नसेल, वसुलीवाले दारात असतील तर त्याची गोष्ट वेगळी, पण ज्याला पुढं होम लोन पाहिजे त्याच्या रिपोर्टात "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" पडलं की बँकवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. हे पॅकेज विकताना मालक ते बोलले नाहीत, म्हणून माझ्याकडून एक स्टार तिथंच कमी.

रिपोर्टात एक जुनं बाइकचं कर्ज अजून चालू दाखवत होतं, फिटून जमाना झाला, एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) तिजोरीत. ते काढून द्यायला ऑफिसची वेगळी फी, "ब्युरोत आपली माणसं आहेत". ब्युरोत कुणाचीही माणसं असली तरी ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, कर्ज दिलेल्या संस्थेनं होय म्हटलं तरच बदलतं. तक्रार सिबिलच्या साइटवर फुकट टाकता येते, मी घरात बसून टाकली, आणि त्या फायनान्स कंपनीला एनओसी जोडून वेगळा मेल. ३० दिवसांत निकाली काढायला लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची असा नियम २०२४ पासून आहे. मेलमध्ये हे वाक्य शांतपणे टाकलं. नोंद मुदतीच्या आत दुरुस्त झाली. नसती झाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन जाता येतं, क्रेडिट ब्युरोही २०२२ पासून त्या योजनेत आहेत, वकील लागत नाही.

आता स्कोर. बोर्डावरचं ७५० काही आलं नाही. काही महिन्यांनी ७२४ आलाय, एन्क्वायऱ्या जुन्या होतील तसा आणखी चढेल असं वाटतंय. बँक कर्ज द्यायला तयार झाली पण व्याजदर वरच्या पायरीचा, कारण कित्येक बँका आता होम लोनचा दरसुद्धा स्कोर बघूनच लावतात. मेव्हणा म्हणालाय थोडं थांबतो, घरमालक म्हणालाय लवकर सांगा, ती भानगड चालू आहे. ॲडव्हान्स परत मागितला, मालक म्हणाले स्कोर वाढला की नाही, मग? आता ह्याला काय उत्तर देणार.

ज्यांना मोबाईलवर जमतच नाही आणि घरात कुणी पोरगं मदतीला नाही, त्यांनी असल्या ठिकाणी जावं असं मी तरी म्हणणार नाही, पण जाणारच असाल तर ओटीपी देऊ नका, कुठल्याही कर्जाच्या अर्जावर सही करू नका आणि फी लेखी घ्या. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाली पार्किंग म्हणाल तर मिळेल तिथं. ती मुलगी सकाळीच असते, दुपारनंतर मालक एकटे.